हरण्याचा हक्क कोणाचा? तेल्मा मोंतेरोच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

३० जुलै २०१२. लंडन ऑलिम्पिक, महिला ज्युदो, ५७ किलो वजनगट. त्या दिवशी हरून मॅटवरून उतरलेल्या दोघींबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे.

पहिली पोर्तुगालची तेल्मा मोंतेरो. तीनच दिवसांपूर्वी उद्घाटन सोहळ्यात देशाचा झेंडा तिच्या हातात होता. त्याच वर्षी ती चौथ्यांदा युरोपियन विजेती झाली होती. तिच्याकडून पदकाची अपेक्षा होती आणि ती पहिल्याच लढतीत बाहेर गेली. दुसरी ब्राझीलची राफाएला सिल्वा, वय २० वर्षे. हंगेरीच्या खेळाडूविरुद्ध लढताना तिने पाय पकडण्याचा नियम मोडला म्हणून पंचांनी तिला बाद केले.

खेळाच्या भाषेत दोन्ही पराभव सारखेच. दोघीही रिकाम्या हाताने परतल्या. पण राफाएला ही रिओच्या 'सिदादे दे देउस' नावाच्या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय मुलगी. पराभवानंतर समाजमाध्यमांवर तिच्याच देशातल्या लोकांनी तिला माकड म्हटले, तिची जागा पिंजऱ्यात आहे असे लिहिले. चूक नियमाची होती, शिक्षा कातडीच्या रंगाला मिळाली.

आम्ही हे दोन पराभव शेजारी ठेवतो ते एका कारणासाठी. खेळाच्या मैदानाबद्दल आपल्याला लहानपणापासून एक गोष्ट ऐकवली जाते. मैदानावर जात नसते, वर्ण नसतो, वशिला नसतो, तिथे फक्त मेरिट चालते. आरक्षणाचा विषय निघाला की हीच मंडळी टोमणा मारतात, 'मग क्रिकेट संघातही आरक्षण ठेवा ना!' त्याला उत्तर म्हणून आपली पोरे जिंकलेल्यांची यादी वाचतात. आमचे म्हणणे असे की, उत्तर जिंकलेल्यांच्या यादीत नाही. ते हरलेल्यांच्या हिशेबात आहे. कोण किती वेळा हरून पुन्हा मैदानात येऊ शकतो, ते तपासा. ज्याला मेरिट म्हणून मिरवले जाते त्याचा मोठा भाग हरण्याच्या हक्कातून घडतो. तेल्मा मोंतेरोची वीस वर्षांची कारकीर्द हा त्याचा उघड पुरावा आहे.

चौदाव्या वर्षी उघडे असलेले दार

तेल्माचा जन्म २७ डिसेंबर १९८५ रोजी लिस्बनमध्ये झाला. ती वाढली तेजो नदीच्या पलीकडच्या तीरावर, अल्मादा भागात. हा भाग म्हणजे लिस्बनचा श्रीमंत चेहरा नव्हे. इथे लिस्नाव्ह कंपनीची मोठी जहाज गोदी होती. हजारो कामगारांचे पोट त्या गोदीवर चालत असे. २००० साली ती गोदी बंद पडली.

त्याच सुमारास, वयाच्या चौदाव्या वर्षी, तेल्मा पहिल्यांदा ज्युदोच्या मॅटवर उभी राहिली. ज्युदोत हे वय उशिराचे समजले जाते. या खेळात नाव काढणारी मुले बहुतेकदा सहाव्या-सातव्या वर्षापासून सराव करतात. तरीही चार वर्षांत, २००४ साली, अठरा वर्षांची तेल्मा अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळली.

हे वाचून कुणी म्हणेल, पाहा, जन्मजात गुणवत्ता! गुण होताच, तो आम्ही नाकारत नाही. पण त्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी राहत्या भागात मॅट अंथरलेली होती, शिकवणारा प्रशिक्षक होता आणि उशिरा आलीस म्हणून तिला कुणी परत पाठवले नाही. हे जन्मजात नसते, ते कुणीतरी उभे केलेले असते. पोर्तुगालमध्ये गावोगावी, वस्तीवस्तीत जुन्या लोकसंस्था आहेत. एकाच छपराखाली बँड, वाचनालय, नाटक आणि खेळाची खोली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७८ किलो गटात कांस्य जिंकणारी पात्रिसिया सांपायो ही तोमार या लहान गावची. ती ज्या संस्थेत ज्युदो शिकली ती मुळात गावाची वाद्यवृंद संस्था आहे. आपल्या वस्तीत विहाराच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका चालते ना, तसेच हे. फरक इतकाच की तिथे एका खोलीत मॅटही अंथरली गेली.

आणि हे दार तरी सहज उघडले का? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ साली टोकियोत आला. बायकांना पदकासाठी खेळू द्यायला १९९२ चे बार्सिलोना उजाडावे लागले. तेल्मा तेव्हा सहा वर्षांची होती. त्याआधी १९५९ साली अमेरिकेत रस्टी कानोकोगी नावाच्या बाईने पुरुष असल्याचे भासवून एका स्पर्धेत भाग घेतला, ती जिंकली आणि बाई असल्याचे कळताच तिचे पदक काढून घेण्यात आले. ती घरी बसली नाही. १९८० साली न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरली ती तिच्याच खटपटीतून. म्हणजे ज्या मॅटवर तेल्मा आपली 'गुणवत्ता' दाखवू शकली ती मॅटच मुळात संघर्षाने मिळवलेली होती. हक्काची भाषा ज्यांना खेळात नको असते, त्यांनी हा इतिहास वाचावा.

पराभवांचा लांब हिशेब

आता तेल्माच्या पराभवांचा हिशेब मांडू. २००४ अथेन्स, पदक नाही. २००८ बीजिंग, पदक नाही. २०१२ लंडन, पहिल्याच लढतीत बाहेर. जागतिक स्पर्धेत २००५ साली कैरोला कांस्य. मग २००७ रिओ, २००९ रॉटरडॅम, २०१० टोकियो आणि २०१४ चेल्याबिन्स्क असे चार वेळा ती अंतिम फेरीत पोहोचली आणि चारही वेळा हरली. चार रौप्यपदके. जागतिक सुवर्ण तिला कधीच मिळाले नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपियन स्पर्धेत ती सहा वेळा विजेती ठरली: २००६, २००७, २००९, २०१२, २०१५ आणि २०२१. पहिल्या आणि शेवटच्या सुवर्णात पंधरा वर्षांचे अंतर आहे. पहिली दोन सुवर्णे ५२ किलो गटातली, नंतरची चार ५७ किलो गटातली. बीजिंगनंतर तिने वजनगट बदलला. वजनगट बदलणे म्हणजे पाच किलो वाढवणे एवढेच नसते. समोरचे सगळे प्रतिस्पर्धी बदलतात, त्यांची उंची, पकड, ताकद बदलते. अनेक वर्षांत बसवलेले डाव पुन्हा बसवावे लागतात. नव्या गटात पहिल्याच वर्षी तिने युरोपियन सुवर्ण आणि जागतिक रौप्य मिळवले.

प्रश्न असा की, तीन ऑलिम्पिक रिकामी गेल्यावरही ती चौथ्यासाठी उभी कशी राहिली? जिद्द होती, हे खरेच. पण जिद्दीने घरभाडे भरता येत नाही. तेल्मा बेनफिका क्लबची खेळाडू होती. बेनफिका म्हणजे फुटबॉलचा बलाढ्य क्लब, पण तो इतर अनेक खेळांचेही संघ चालवतो. शिवाय पोर्तुगालमध्ये ऑलिम्पिकच्या तयारीतल्या खेळाडूंना त्यांच्या निकालांच्या दर्जानुसार दरमहा शिष्यवृत्ती मिळते. एका दिवसाच्या पराभवाने चूल विझत नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सरावाचे जोडीदार, परदेशी स्पर्धांचा प्रवास हे सगळे पराभवाच्या दुसऱ्या दिवशीही जागेवर असते. ज्याच्या पाठीशी हे आहे त्यालाच 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य परवडते. बाकीच्यांसाठी पहिली पायरी हीच शेवटची असते.

ज्युदोत नव्या मुलाला पहिल्यांदा फेकायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. पाठीवर आपटताना हनुवटी छातीला लावायची, हात मॅटवर सपाट आपटायचा, म्हणजे डोक्याला मार लागत नाही. पण उकेमी मॅटवर शिकवतात, फरशीवर नाही. पडण्याची कला कितीही येवो, खाली मॅट नसेल तर हाड मोडणारच. आपल्या मुलांना 'पडून उठायला शिका' असे सांगणाऱ्या प्रेरणादायी वक्त्यांना आम्ही एवढेच विचारतो: खाली काय अंथरले आहे, ते आधी सांगा.

रिओचे पदकमंच

८ ऑगस्ट २०१६, रिओ. तेल्मा तीस वर्षांची झाली होती. काही महिन्यांपूर्वीच तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. उपांत्यपूर्व फेरीत ती मंगोलियाच्या सुमिया दोर्जसुरेनकडून हरली. पण ज्युदोत रेपेचेज असते. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या साक्षी मलिकने कुस्तीत ज्या वाटेने कांस्य मिळवले, तीच वाट. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याला इथे पुन्हा लढायची संधी नियमानेच मिळते, त्यात कुणाची मेहेरबानी नसते. त्या वाटेने तेल्मा कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत गेली आणि रोमानियाच्या कोरिना काप्रियोरियूला हरवून तिने पदक जिंकले. रिओमध्ये पोर्तुगालच्या संपूर्ण पथकाला मिळालेले ते एकमेव पदक होते.

त्या पदकमंचावर कोण कोण उभे होते पाहा. दुसरे कांस्य जपानच्या काओरी मात्सुमोतोचे. २०१० च्या जागतिक अंतिम लढतीत हिनेच तेल्माला हरवले होते आणि लंडनचे ऑलिम्पिक सुवर्णही हिचेच. रौप्य दोर्जसुरेनचे. आणि सर्वात वर राफाएला सिल्वा. ब्राझीलचे त्या ऑलिम्पिकमधले पहिले सुवर्ण, तेही तिच्या वस्तीपासून जवळच असलेल्या मैदानावर. वाटेत तिने त्याच हंगेरियन खेळाडूला हरवले, जिच्याविरुद्ध लंडनमध्ये ती बाद ठरली होती. जिला पिंजऱ्यात बसवायला निघाले होते तीच आज आपल्या घरी विजेती झाली, अशा अर्थाचे उत्तर तिने जिंकल्यावर दिले.

लंडननंतर राफाएला खेळ सोडण्याच्या विचारात होती. तिला धरून ठेवले ते तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांनी. रिओच्या गरीब वस्त्यांत फ्लाव्हियो कांतो या ऑलिम्पिक पदकविजेत्या ज्युदोपटूने उभ्या केलेल्या संस्थेत ती घडली होती. तिला मानसशास्त्रज्ञाची मदत मिळाली. नौदलाच्या खेळाडू योजनेतून पगार होता. लंडननंतर पुढच्याच वर्षी, २०१३ साली, ती विश्वविजेती झाली. पुढे २०१९ साली उत्तेजक चाचणीत ती दोषी ठरली, बंदी आली, टोकियो हुकले. हेही लपवायचे कारण नाही. शिक्षा भोगून ती परतली आणि २०२२ मध्ये पुन्हा विश्वविजेती झाली.

दोघींच्या कारकिर्दीत साम्य आहे ते संधीचे. फरक आहे तो पराभवाच्या किमतीचा. तेल्मा हरली तेव्हा तेल्मा हरली. राफाएला हरली तेव्हा तिच्यासोबत तिचा वर्ण आणि तिची वस्तीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली गेली.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले गेले, जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे बोलले गेले. चारच दिवसांपूर्वी याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. अकरा जणी हरल्या, जात मात्र एकीचीच निघाली. जिंकली तर 'देशाची लेक', हरली तर जात. मैदानावर फक्त मेरिट चालते म्हणणाऱ्यांनी या घरासमोरच्या फटाक्यांचा हिशेब आधी द्यावा.

पदक गळ्यात असताना बोलणे

तेल्माच्या कारकिर्दीतला आणखी एक प्रसंग आम्हाला पदकांइतकाच मोलाचा वाटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पोर्तुगालच्या ऑलिम्पिक तयारीतल्या सात ज्युदो खेळाडूंनी उघडे पत्र लिहिले. राष्ट्रीय महासंघातले वातावरण विषारी झाले आहे, अध्यक्षांच्या वागण्यामुळे तिथे राहणे असह्य झाले आहे, असा त्यांचा आरोप होता. सह्या करणाऱ्यांत तेल्मा होती, पात्रिसिया सांपायो होती, ब्राझीलहून येऊन पोर्तुगालसाठी खेळणाऱ्या बार्बरा तिमो आणि रोशेली नुनेस होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस महासंघाच्या सभेने अध्यक्षांना पदावरून दूर केले.

तेल्मा तेव्हा छत्तीस वर्षांची होती. वर्षभरापूर्वी तिने लिस्बनमध्ये सहावे युरोपियन सुवर्ण जिंकले होते आणि टोकियोत दुसऱ्यांदा देशाचा झेंडा धरला होता. तिला गप्प राहून सन्मानाने निवृत्त होता आले असते. पण नव्या मुलींच्या सहीला वजन यावे म्हणून जुन्या खेळाडूची सही लागते. एकटी सही बंडखोर ठरवून बाजूला काढता येते. सात सह्यांचे तसे करता येत नाही. 'संघटित व्हा' या शब्दांचा अर्थ वेगळा काय असतो? आणि पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, आपल्या देशात साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले तेव्हा काय झाले, तेही आपण पाहिले. २८ मे रोजी ऑलिम्पिक पदकविजेत्यांना रस्त्यावरून उचलून पोलिसांच्या बसमध्ये कोंबले गेले.

पोर्तुगाल म्हणजे स्वर्ग नव्हे

इथे कुणी म्हणेल, तुम्ही युरोपचे कौतुक करत आहात. तसे नाही. मोंतेरो हे आडनाव गोव्यात आजही ऐकू येते, ते तिथे कोणत्या सत्तेबरोबर पोहोचले हे आम्ही विसरलेलो नाही. पोर्तुगालला ज्युदोतले पहिले ऑलिम्पिक पदक २००० साली मिळवून दिले नुनो देलगादोने. त्याची मुळे केप व्हर्दीत, म्हणजे पोर्तुगालच्याच जुन्या वसाहतीत. देशाचा पहिला ज्युदो विश्वविजेता जॉर्ज फोन्सेका हा साओ तोमेत जन्मला, लहानपणी पोर्तुगालला आला. कर्करोगावर मात करून तो २०१९ आणि २०२१ मध्ये विश्वविजेता झाला. टोकियोत कांस्य जिंकल्यावर ते पदक त्याने आदिदास आणि पुमा या कंपन्यांना 'अर्पण' केले, कारण आपल्याला त्यांनी प्रायोजकत्वाच्या लायकीचे मानले नाही, असे त्याने सांगितले. वसाहतींतून आलेल्या माणसांनी देशाची छाती पदकांनी भरली आणि बाजाराने तरीही त्यांची लायकी काढली. तेव्हा आम्ही पोर्तुगालची आरती ओवाळत नाही. एका कारकिर्दीत हरण्याचा हक्क कसा काम करतो, एवढेच दाखवतो.

त्या कारकिर्दीचा शेवटही पराभवानेच झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपियन स्पर्धेत तिचा गुडघा पुन्हा दुखावला. सहाव्या ऑलिम्पिकसाठी ती पुन्हा उभी राहिली, पण पॅरिसची पात्रता हुकली. त्याच पॅरिसमध्ये त्या उघड्या पत्रावर तिच्यासोबत सही करणाऱ्या सांपायोने पदक जिंकले.

आणि आपण?

शेवटचा प्रश्न आम्हाला विरोधकांना विचारायचा नाही, स्वतःला विचारायचा आहे. आपण आपल्या मुलांना हरण्याचा हक्क देतो का?

दरवर्षी जयंतीला आपण गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, पुष्पगुच्छ, फोटो. करायलाच हवा. पण स्पर्धा परीक्षेत दोन गुणांनी राहिलेला मुलगा त्या मंडपात कुठे उभा असतो? जिल्हा स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेली मुलगी दुसऱ्या वर्षी सरावाला येते का, हे कोण पाहते? उलट आपल्यापैकीच कुणीतरी तिला ऐकवतो, 'समाजाची मान खाली घातलीस.' व्यवस्था एका पोरीच्या पराभवावर सगळ्या जातीचा शिक्का मारते, आणि आपण सगळ्या समाजाचे ओझे त्याच एका पोरीच्या खांद्यावर टाकतो. वजन दोन्हीकडून तिच्यावरच.

आम्ही सुचवतो ते साधे आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा दुसऱ्या प्रयत्नासाठी बाजूला काढा. ज्याचा पहिला प्रयत्न फसला त्याची वर्षभराची अभ्यासिका, खोलीभाडे, बूट, प्रवासखर्च त्यातून भागवा. विहाराच्या एका खोलीत मॅट अंथरा. चौदाव्या वर्षी आलेल्या मुलीला 'उशीर झाला' म्हणू नका. आपले कुणी हरले तर त्या रात्री त्याच्या घरी जा, समाजमाध्यमावर प्रवचन लिहू नका. आणि आपल्यातला जो मोठा झाला आहे, ज्याच्या सहीला वजन आले आहे, त्याने लहानांच्या पत्रावर सही करावी.

तीन ऑलिम्पिक हरलेली बाई चौथ्यात देशाचे एकमेव पदक घेऊन आली. तिसऱ्या पराभवानंतर तिला घरी बसवले असते तर त्या वर्षी पोर्तुगालच्या पदरात काहीच पडले नसते. आपल्या वस्त्यांतून पहिल्याच पराभवानंतर किती जणांना घरी बसावे लागले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ती मोजदाद आपल्या वस्तीपुरती तरी आपण सुरू करू.

जय भीम.